तुलाधाराचा तराजू आणि मिस्त्रीचं कोटेशन



आजचं वाचन: महाभारत, शांतिपर्व, मोक्षधर्म. जाजली आणि तुलाधार यांचा संवाद.

ज्यांनी ही कथा वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जाजली नावाचा एक तपस्वी होता. तो अरण्यात इतका निश्चल उभा राहायचा की पक्ष्यांच्या एका जोडीने त्याच्या जटांत घरटं बांधलं. अंडी झाली, पिल्लं झाली, मोठी होऊन उडून गेली, तरी हा हलला नाही. मग त्याला वाटलं, धर्म आपल्याला पूर्ण साधला. तेवढ्यात आकाशवाणी झाली की वाराणसीच्या तुलाधाराची सर तुला नाही. जाजली चिडला आणि वाराणसीला गेला. पाहतो तर काय, तुलाधार हा बाजारात बसून माल विकणारा एक वाणी! जटा नाहीत, अरण्य नाही, समोर फक्त तराजू. आणि तोच त्या तपस्व्याला धर्म समजावून सांगतो. त्याच्या बोलण्याचा गाभा एवढाच, की तो कुणालाही फसवत नाही आणि त्याचा तराजू सगळ्या जिवांसाठी सारखा असतो. भीष्म ही कथा युधिष्ठिराला सांगतात, म्हणजे एका राजाला बाजारातल्या माणसाकडून शिकायला सांगतात.

कथा ऐकायला गोड आहे. पण आपल्यासारख्यांना ती वापरायची वेळ येते तेव्हा आपण बहुतेकदा काउंटरच्या दुसऱ्या बाजूला असतो. आपण माल विकत नाही, विकत घेतो. मग प्रश्न असा पडतो, की गिऱ्हाइकाचा तराजू सारखा असणं म्हणजे काय? समोरच्याने सांगितलेला भाव योग्य आहे की नाही हे कसं ठरवायचं? आणि घासाघीस करणं हा लोभ की कर्तव्य?

आमच्या घरी सध्या नेमकं हेच चाललंय, म्हणून आजचं चिंतन त्याच उदाहरणावर.

डोंबिवलीतलं आईबाबांचं घर १९९४ सालच्या इमारतीत आहे. चौथा मजला, लिफ्ट नाही. दोन खोल्या नव्याने करायच्या आहेत: फरशी, एका भिंतीची ओल आणि पोपडे, जुनी वायरिंग, रंग. फर्निचर काही नाही. तीन कोटेशनं मागवली. पहिलं व्हॉट्सअ‍ॅपवर, एका ओळीचं: दोन रूम कम्प्लिट, १,४०,०००. दुसरं एका मिस्त्रींचं, वहीच्या तीन पानांवर हाताने लिहिलेलं, सतरा आयटम, मापांसकट: २,२५,०००. तिसरं एका इंटिरियरवाल्यांचं, चकचकीत पीडीएफ, थ्रीडी चित्रं: ३,१०,०००.

पैसे बाबांचे आहेत. निवृत्तीच्या एफडीतले. आई म्हणाली, "निदान दहा हजार तरी उतरवून घे." बाबा म्हणाले, "तू बघ, तुला यातलं कळतं." मला सॉफ्टवेअरमधलं कळतं, गवंडीकामातलं नाही. पण अंदाजपत्रक म्हणजे काय असतं ते चांगलं कळतं, कारण ऑफिसात वर्षभर मी तेच करतो.

आधी दगड सारखे करा

तराजूत दोन वस्तू तोलायच्या तर वजनं तीच लागतात. तीन कोटेशनांची शेवटची रक्कम शेजारी शेजारी ठेवणं म्हणजे एका पारड्यात गहू आणि दुसऱ्यात पोत्यासकट गहू.

पहिल्याला मी फोन करून विचारलं, यात काय काय आहे? हळूहळू बाहेर आलं. डेब्रिज खाली नेऊन टाकायचे आणि सामान वर चढवायचे १२,००० वेगळे. वायर, पाइप, स्विच यांचं सामान गिऱ्हाइकाचं, म्हणजे साधारण ३८,०००. ओल काढायचं काम धरलेलंच नाही, फक्त वरून रंग. त्याचे १९,०००. आणि टाइल्स ४५ रुपये चौरस फुटाच्या धरल्या होत्या. आम्ही पसंत केलेल्या ६५ च्या. २९५ चौरस फुटांना वीस रुपयांचा फरक म्हणजे ५,९००. सगळं मिळून ७४,९०० ची भर. १,४०,००० चे झाले २,१४,९००.

तिसऱ्यात ४८,००० चं फॉल्स सीलिंग होतं, जे आम्हाला नकोच होतं, आणि डिझाइनची फी २०,०००. ती दोन्ही काढली तर उरले २,४२,०००.

म्हणजे सुरुवातीला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग यांच्यात दुपटीहून जास्त फरक दिसत होता. वजनं सारखी केल्यावर तिघं साधारण तेरा टक्क्यांच्या आत आले. पहिला आणि दुसरा यांच्यातला ८५,००० चा फरक १०,१०० वर आला.

इथे थोडं थांबू या. पहिला माणूस लबाड आहे का? मला तसं वाटत नाही. त्याला रोज दहा जण विचारतात, "दोन रूमचे किती?" आणि जो सगळं धरून खरा आकडा सांगतो, त्याचा फोन परत वाजत नाही. आपणच कमी आकड्याला बक्षीस देतो आणि मग आकडा वाढला की ओरडतो. बाजारात खोटं बोलण्याची सुरुवात दर वेळी विकणाऱ्याकडून होते असं नाही. एका ओळीत उत्तर मागणारा प्रश्नसुद्धा तराजूची दांडी वाकवतो.

मापात पाप कुठे असतं, कुठे नसतं

दुसऱ्या मिस्त्रींच्या वहीतली मापं मी टेप घेऊन तपासली. खोल्या १० बाय १२ आणि १० बाय ११, उंची १० फूट. भिंती ४४० आणि ४२० चौरस फूट, एकूण ८६०. बरोबर. पण यात दारं-खिडक्या वजा केलेल्या नव्हत्या. कुणाच्याही मनात पहिल्यांदा येईल तेच माझ्या मनात आलं: जिथे भिंतच नाही तिथल्या रंगाचे पैसे कसे?

मग बांधकामाच्या मोजमापाचं भारतीय मानक बघितलं, आयएस १२००. गिलाव्याच्या मापासाठी त्यात ठरवून दिलंय की अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची उघडी जागा वजा करायचीच नाही. आणि तीन चौरस मीटरपर्यंतच्या दार-खिडकीसाठी, भिंतीच्या दोन्ही बाजूंना सारखाच गिलावा असेल तर, एकाच बाजूचं माप वजा करायचं. कारण साधं आहे. दार-खिडकीच्या आतल्या कडांना कारागिराचा हात लागतोच, आणि तिथे सपाट भिंतीपेक्षा जास्त वेळ जातो. ते माप वेगळं धरलेलं नसतं. म्हणजे एका बाजूला न केलेलं काम मोजलं जातं आणि दुसऱ्या बाजूला केलेलं काम मोजलं जात नाही. साधारण बरोबरी होते.

तसंच टाइल्सचं. बारा बाय दहाची खोली म्हणजे १२० चौरस फूट, मग जास्त कशाला? कारण खालच्या पट्टीला साधारण १४ चौरस फूट लागतात, आणि कापताना, फुटताना दहा टक्के जातात. आणि ज्याला आपण दोन बाय दोनची टाइल म्हणतो ती खरी ६०० मिलिमीटरची असते, म्हणजे चार चौरस फुटांपेक्षा थोडी कमी. चारच्या खोक्यात सोळा नाही, साडेपंधरा चौरस फूट भरतात. दोन्ही खोल्यांना १९ खोकी लागतात, म्हणजे तेच २९५ चौरस फूट. हिशेब जुळला.

हे इतकं तपशिलात का सांगतोय? संशय आणि तपासणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत म्हणून. संशय घेणाऱ्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं, तो फक्त पुरावा शोधत असतो. तपासणारा समोरच्याला बरोबर ठरण्याचीही तेवढीच संधी देतो. मी टेप घेऊन भिंतीशी उभा होतो तेव्हा मिस्त्री चोर निघण्याची जेवढी शक्यता होती, तेवढीच ते खरे निघण्याचीही होती. तपासलं नसतं तर दोन्ही कळलं नसतं. आंधळा विश्वास ठेवला असता तर तो विश्वास त्यांचा मान वाढवणारा ठरला नसता, नुसता माझा आळस ठरला असता.

आपल्याकडे संतांच्या कथांमध्ये हिशेबाला कमीपणा नाही. एकनाथ महाराज देवगिरीला जनार्दनस्वामींकडे असताना हिशेबाचं काम करत. एका रात्री एका पैची चूक सापडेना म्हणून ते जागत बसले आणि सापडल्यावर आनंदाने टाळी वाजवली, अशी कथा सांगतात. स्वामी म्हणाले, एका पैची चूक सापडल्यावर एवढा आनंद, तर जन्माच्या हिशेबातली चूक सापडली तर केवढा होईल! आपण या कथेचा शेवटचा भागच लक्षात ठेवतो. पण स्वामींनी नाथांना वही बंद करायला सांगितलं नाही. ज्याला पै शोधायची सवय होती, त्यालाच पुढचं शोधायला सांगितलं.

नफा किती म्हणजे न्याय्य?

आता खरा अवघड प्रश्न. मापं बरोबर, सामानाचे भावही बाजाराशी जुळणारे. पण या २,२५,००० मध्ये मिस्त्रींचं स्वतःचं किती, आणि ते जास्त आहे का?

मी त्यांनाच विचारलं, "मिस्त्री, माणसं किती आणि दिवस किती?" त्यांनी न लपवता सांगितलं. काम अठ्ठावीस दिवसांचं. गवंडी १४ दिवस, ११०० ने. बिगारी २६ दिवस, ७५० ने. वायरमन ८ दिवस, ११०० ने. रंगारी दोघं मिळून १६ दिवस, ९५० ने. बेरीज ५८,९००. सामान, डेब्रिज आणि वर चढवणं मिळून माझ्या हिशेबाने १,२३,२००. म्हणजे खर्च १,८२,१००. उरले ४२,९००, खर्चाच्या साधारण साडेतेवीस टक्के.

साडेतेवीस टक्के! एफडीवर बाबांना मिळतं त्याच्या किती तरी पट. आकडा ऐकल्यावर आईचा चेहराच सांगत होता तिला काय वाटलं ते.

न्याय्य नफा किती, हा प्रश्न जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात व्यापाऱ्याला देशी मालावर पाच टक्के आणि परदेशी मालावर दहा टक्के नफा ठरवून दिलाय. आजच्या काळात केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभाग आपल्या दरविश्लेषणात ठेकेदाराचा नफा आणि वरखर्च मिळून पंधरा टक्के धरतो. त्या पंधरा टक्क्यांनी आमचं काम २,०९,४१५ चं व्हायला हवं. मिस्त्री त्यावर साडेपंधरा हजार जास्त मागत होते.

मग ही लूट झाली का? मी टक्केवारी बाजूला ठेवली आणि वेगळा भागाकार केला. ४२,९०० भागिले अठ्ठावीस दिवस. दिवसाला साधारण १,५३०. गवंड्याच्या रोजापेक्षा चारशे-साडेचारशे जास्त. मजुरीच्या यादीत मिस्त्रींचा स्वतःचा रोज कुठेच लिहिलेला नव्हता. सकाळी माणसं लावणं, सामान आणणं, चुकलेलं परत करून घेणं, सोसायटीच्या सेक्रेटरींशी बोलणं, पेट्रोल, फोन, हे सगळं त्या १,५३० मध्ये. भिंत फोडल्यावर आतून आणखी काही निघालं तर तो धोकाही त्यातच. आणि शेवटचा हप्ता बुडवणारी गिऱ्हाइकं असतात, त्यांचा बोजाही कुठे तरी इथेच असणार. मोठ्या सरकारी कामात पंधरा टक्के म्हणजे लाखो रुपये होतात. दोन खोल्यांच्या कामात पंधरा टक्के म्हणजे एका माणसाचा महिनाभराचा पगार, तोही जेमतेम. टक्का तोच, अर्थ वेगळा.

दुसरी बाजूही मांडायला हवी. मिस्त्री एका वेळी दोन-तीन कामं चालवतात. म्हणजे अठ्ठावीस दिवसांतला त्यांचा प्रत्येक तास आमचा नाही. त्यामुळे १,५३० हा आकडा खरं तर त्यांच्या बाजूला थोडा झुकलेला आहे. हे त्यांनाही माहीत आहे, मलाही.

आणि आता आपल्याबद्दल, म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्यांबद्दल. आपण ऑफिसात क्लायंटला अंदाज देतो तेव्हा काय करतो? काम दहा दिवसांचं वाटलं तर तेरा सांगतो. त्याला बफर म्हणतो. कंपनी माझ्या एका तासाचे क्लायंटकडून जे घेते आणि मला जे देते, त्यातलं अंतर साडेतेवीस टक्क्यांत बसत नाही. त्याला आपण बिझनेस मॉडेल म्हणतो. मिस्त्रींनी तेच केलं की आपल्या तोंडी शब्द येतो, "कापतो." एकाच गोष्टीला आपल्यासाठी एक नाव आणि दुसऱ्यासाठी दुसरं, म्हणजे तराजूची दोन पारडी दोन वजनांची. तुलाधाराची कथा मला टोचते ती इथे.

"दोघं तयार आहेत ना?" एवढं पुरतं का

एक सोपं उत्तर नेहमी दिलं जातं. बाजारात जो भाव ठरतो तोच न्याय्य. त्याला परवडत नसेल तर तो नाही म्हणेल, मला परवडत नसेल तर मी नाही म्हणेन. दोघं हो म्हणाले म्हणजे विषय संपला.

यात तथ्य आहे. संमतीशिवाय कुठलाच व्यवहार न्याय्य होत नाही. पण नुसती संमती पुरत नाही. पावसाळ्यात काम नसलेला बिगारी निम्म्या रोजावरही हो म्हणतो. ती संमती आहे, पण ती त्याच्या रिकाम्या डब्याने दिलेली आहे. किमान वेतनाचा कायदा आपल्याकडे १९४८ साली आला तो यासाठीच. गरजेपोटी दिलेला होकार हा पुरता होकार नसतो, हे देशाने कायद्यात मान्य केलं.

उलटंही असतं. ज्याच्या डोक्यावर छत गळतंय, ज्याला यातलं काही कळत नाही, तो चौपट भावालाही हो म्हणतो. तीही संमतीच.

मग कसोटी काय? मला वाचताना जी सुचली ती अशी: व्यवहार झाल्यावर दोघांची माहिती अदलाबदल करा. मिस्त्रींना जे कळतं ते सगळं मला कळलं, आणि माझ्याकडे किती पैसे आहेत, मला किती घाई आहे, मी कुठे अडलोय हे सगळं मिस्त्रींना कळलं, तरी दोघांनाही हा भाव मान्य राहील का? राहत असेल तर भाव न्याय्य. काही लपलं म्हणूनच तो ठरला असेल तर कुणी तरी पारड्याखाली बोट लावलेलं आहे. माझं बोट असू शकतं, त्यांचंही असू शकतं.

यात एक तिसरा माणूस आहे, जो बोलणी करताना हजरच नसतो. तो बिगारी. मी पाच हजार उतरवून घेतले आणि मिस्त्री "ठीक आहे साहेब" म्हणाले, तर ते पाच हजार कुठून येतील? मिस्त्रींच्या खिशातून आले तर बरं. बहुधा बिगाऱ्याच्या रोजातून येतात, किंवा भिंतीला जो एक हात कमी बसतो त्यातून. तुलाधाराचा तराजू सर्व जिवांसाठी सारखा होता, फक्त समोर उभ्या असलेल्यांसाठी नव्हे. मला या एका शब्दापाशी फार वेळ थांबावं लागलं. समोर उभ्या माणसाशी नीट वागणं ही सभ्यता झाली. समोर नसलेल्याला मोजणं हा धर्म.

मग उदार व्हावं का?

इथे आपल्यातले काही भाविक म्हणतील, जाऊ दे ना, दे सांगितले तेवढे, देवाच्या कृपेने आहेत. मला हे सहज म्हणता आलं असतं. पण पैसे माझे नाहीत.

तुकाराम महाराजांची कर्जखतांची गोष्ट आपल्याला माहीत आहे. घरची सावकारी होती, लोकांनी लिहून दिलेली खतं होती, आणि महाराजांनी ती इंद्रायणीत बुडवली. परंपरेत सांगितला जाणारा एक तपशील मात्र आपण विसरतो. त्यांनी आधी खतांचे दोन भाग केले. धाकट्या भावाचा, कान्होबाचा भाग त्याला दिला आणि फक्त स्वतःच्या वाट्याचा भाग बुडवला. भावाच्या पैशावर त्यांनी औदार्य केलं नाही.

बाबांनी चौतीस वर्षं लोकलने जाऊन साठवलेल्या एफडीतून मी मोठ्या मनाचा होणं म्हणजे कान्होबाची खतं नदीत टाकणं. म्हणून घासाघीस टाळणं ही इथे भक्ती नाही. विश्वस्ताने हिशेब मागायचाच असतो. फक्त कुठे मागायचा ते ठरवायला हवं.

मी मिस्त्रींना म्हटलं, "कुणाचा रोज न कापता आणि तुमचं न कापता रक्कम कुठे उतरेल ते तुम्हीच सांगा." त्यांनी दोन मिनिटं विचार केला. मग आतल्या खोलीत जाऊन जुन्या मोझॅकवर हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहिलं. आवाज भरीव येत होता, लादी कुठे सुटलेली नव्हती. म्हणाले, या खोलीची फरशी उखडू नका, वरूनच अ‍ॅडेसिव्हने टाइल लावू. डेब्रिजचे सहा हजार वाचतील, बिगाऱ्याचे चार दिवस म्हणजे तीन हजार वाचतील. अ‍ॅडेसिव्हचे दोन हजार वाढतील. दार खालून थोडं तासावं लागेल आणि उंबऱ्याशी अर्धा-पाऊण इंच चढ येईल, तो चालेल का आईंना विचारा. आईला चालला. सात हजार उतरले. २,१८,००० ठरले, आणि मिस्त्रींच्या ४२,९०० ला हात लागला नाही.

दिवस कमी झाले म्हणजे बिगाऱ्याचेही चार रोज गेले, हे मला दिसतंय. पण न केलेल्या कामाचा रोज जाणं आणि केलेल्या कामाचा रोज कापला जाणं, या दोन गोष्टी एक नाहीत.

पैसे द्यायचं असं ठरलं: वीस टक्के आधी, मग काम संपेल तसे तीन टप्पे, आणि पाच टक्के ओलीच्या भिंतीसाठी पावसाळा होईपर्यंत राखून. हे पाच टक्के १०,९०० होतात. ते मिस्त्रींनी मान्य केले, पण एक अट घातली, तारीख लिहून द्या. दिली, १५ ऑक्टोबर. भिंत कोरडी राहिली तर त्या दिवशी पैसे पोचले पाहिजेत, सोळाला नाही. राखून ठेवलेल्या पैशावर आपला हक्क आहे असं हळूहळू वाटायला लागतं, म्हणून.

आईचा प्रश्न अजून आहेच: पहिल्याकडे २,१४,९०० मध्ये झालं असतं ना? कदाचित झालं असतं. तीन हजार शंभर जास्त गेले. त्याच्या बदल्यात काय मिळालं ते कागदावर दाखवता येतं: तीन पानं, सतरा आयटम, प्रत्येक आकड्यामागचं कारण. ज्याने विचारायच्या आधी सांगितलं त्याला काम मिळालं. पुढच्या गिऱ्हाइकालाही ते तसंच लिहून देतील, कारण लिहून दिल्याने काम मिळतं हे त्यांना दिसलं. ते मोल तीन हजार शंभर आहे की कमी, हे मी आईला पटवू शकलेलो नाही, आणि तिचं म्हणणं मला पुरतं खोडताही येत नाही. पैसे जपून वापरायचे असतात हे मी तिच्याकडूनच शिकलोय.

जाजलीने जटांतलं घरटं सांभाळलं आणि पिल्लांना इजा होऊ दिली नाही. ते सोपं नव्हतंच. पण अरण्यात त्याच्यासमोर हिशेब नव्हता, गरजू माणूस नव्हता, बापाची एफडी नव्हती. तुलाधारासमोर हे सगळं रोज सकाळी दुकान उघडलं की हजर. आपलं जगणं जाजलीपेक्षा तुलाधाराच्या जवळचं आहे. आपल्याला अरण्य मिळणार नाही. बिलं, कोटेशनं, पगारवाढीची बोलणी, रिक्षाचे सुट्टे पैसे, हीच आपली तपाची जागा.

आजचा अभ्यास

आज कुणाशीही पैशाचा व्यवहार कराल तेव्हा, भाजीवाल्या मावशी असोत, प्लंबर असो की तुमचा क्लायंट, मनात तीन प्रश्न विचारून बघा.

१. मी दोन्हीकडे तीच वजनं वापरतोय का? मी जे करतो त्याला एक नाव आणि समोरच्याने तेच केलं की दुसरं, असं तर नाही ना?

२. आमची माहिती अदलाबदल झाली तरी हा भाव दोघांना मान्य राहील का?

३. समोर नसलेला, पण या भावाचं ओझं उचलणारा माणूस कोण?

तिन्हीची उत्तरं मिळाली की हवी तेवढी घासाघीस करा, किंवा अजिबात करू नका. आणि कुणाचे पैसे राखून ठेवले असतील, तर आज फोनच्या कॅलेंडरमध्ये त्यांची तारीख टाका.

उद्या संवादाचा पुढचा भाग, तुलाधार यज्ञाबद्दल जाजलीला काय सांगतो ते वाचू.

राम कृष्ण हरी!